तेरचे गोरोबाकाका आणि त्यांचें घर

महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेंत मंदिराच्या भिंती, वेदी व घंटा यांविषयीं पुष्कळ लिहिलें जाईल, व तें योग्यच आहे. परंतु धर्मग्राम शेवटीं घरांचाच बनलेला असतो. आणि घराचें खरें मोल कशांत असतें, हा प्रश्न आपणां सर्वांपुढें आहे. त्याचा विचार करितांना आम्हांस धाराशिव जिल्ह्यांतील तेर गांवच्या एका कुंभाराचें चरित्र आठवतें. गोरोबाकाका हे वारकरी पंथाचे संत. आपल्या धर्माचे नव्हत. तथापि शेजाऱ्याच्या घरचा चांगुलपणा आदरानें पाहणें हें आपणांस शोभणारेंच आहे.

तेरणा नदीच्या कांठचें तेर आज साधें गांव दिसतें. पण प्राचीन काळीं तें तगर नांवाचें मोठें नगर होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासग्रंथांत, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हें नगर असल्याचें नमूद आहे. येथील कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरीं जात असे. विटांनीं बांधिलेलें त्रिविक्रमाचें देऊळ त्या जुन्या वैभवाची साक्ष देत आजहि उभें आहे. परंतु व्यापाऱ्यांचे वाडे मातीखालीं गेले. नगराचें जुनें नांवहि इतकें लोपलें कीं, तगर तें हेंच, असें डॉ. फ्लीट यांस १९०१ सालीं निबंध लिहून दाखवावें लागलें. मात्र त्याच गांवांतील एका कुंभाराचें घर लोक सातशें वर्षें विसरले नाहींत.

परंपरेप्रमाणें गोरोबांचा जन्म इ. स. १२६७ सालीं झाला. ज्ञानदेव, नामदेव, सांवता माळी व चोखामेळा ह्या संतांचा तो काळ. सर्वांत वडील म्हणून संतमंडळी त्यांस काका म्हणत. घरचा धंदा कष्टाचा होता. माती आणावी, चाळावी, भिजवून तुडवावी, चाकावर चढवावी, थापटण्यानें ठोकून घडवावी व आव्यांत भाजावी, असा तो क्रम. आंगण हाच कारखाना व घरचीं सर्व माणसें त्यांतले कामकरी. गांवांत कोणाच्याहि घरीं पाणी थंड राही, तें कुंभाराच्या ह्या श्रमामुळें.

ह्या आंगणांतच ती दारुण घटना घडली, असें संतचरित्रें सांगतात. पत्नी तान्ह्या मुलास पतीच्या स्वाधीन करून पाण्यास गेली. गोरोबा नामस्मरणांत तल्लीन होऊन चिखल तुडवीत होते. मूल रांगत जवळ आलें व पायांखालीं सांपडलें, तरी त्यांस भान नव्हतें. परत आलेल्या मातेनें आक्रोश करून त्यांस दोष दिला, तेव्हां ते उलट तिच्यावरच धांवून गेले. तिनें त्यांस विठ्ठलाची आण घालून आपल्या अंगास हात लावूं नये असें बजाविलें, व ती आण त्यांनीं पुढें कठोरपणें पाळिली. वंश खुंटूं नये म्हणून तिनें आपल्या धाकट्या बहिणीशीं त्यांचें लग्न लाविलें. परंतु सासऱ्यानें दोघींस सारखें वागविण्यास सांगितल्यावरून तिलाहि त्यांनीं तीच आण लागू केली. अखेर ती आण मोडण्याचा प्रसंग येतांच त्यांनीं स्वतःचे हात तोडिले. पुढें पंढरपुरीं कीर्तन चाललें असतां हात परत आले व मूलहि लाभलें, अशी कथा आहे.

कथेंतील चमत्काराचा वाद आम्ही येथें करीत नाहीं. आम्हांस विशेष वाटतें तें हें कीं, भक्तांनीं आपल्या आवडत्या संताची चूक झांकून ठेविली नाहीं. प्रार्थनेच्या भरांत पायाजवळचें लेंकरूं दिसूं नये, आणि रडणाऱ्या मातेवर हात उगारला जावा, ह्यांतील दुःख त्यांनीं पिढ्यान् पिढ्या सांगितलें. मंदिराच्या कामांत रात्रंदिवस झटणाऱ्या आपणांपैकीं प्रत्येकानें ही कथा घरीं नेऊन विचारांत घ्यावी.

दुसरी कथा ह्याच घरची. संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईनें थापटण्याचा उपयोग विचारिला. मडकें पक्कें कीं कच्चें हें त्यानें ओळखतां येतें, असें गोरोबांनीं सांगितलें व तिच्या विनंतीवरून प्रत्येकाच्या मस्तकावर तें आपटून पाहिलें. इतर स्वस्थ राहिले. नामदेव मात्र रागावले, म्हणून तेंच मडकें कच्चें ठरलें. नामदेवांनीं तो अपमान पोटांत घालून औंढ्यास विसोबा खेचरांचें शिष्यत्व पत्करिलें. आपल्या पवित्र शास्त्रांतहि परमेश्वरानें यिर्मयास कुंभाराच्याच घरीं धाडिलें होतें, हें वाचकांस स्मरेल.

परंपरेप्रमाणें १३१७ सालीं चैत्र वद्य त्रयोदशीस गोरोबांनीं देह ठेविला. तेरणेच्या कांठीं त्यांची समाधि असून दर चैत्रांत तेथें यात्रा भरते. त्यांचें घरहि भाविकांस दाखविलें जातें.

आज घराचा भाव चौरस फुटांवर ठरतो, आणि जुन्या वस्तीची किंमत तिच्या जागेवरून केली जाते. आमच्या बंधुभगिनींस आमची एवढीच विनंती आहे कीं, ह्या महोत्सवीं वर्षीं आपापल्या घराचें मोल दुसऱ्या मापानेंहि करून पाहावें: तेथें घाम गाळिला जातो काय, शेजाऱ्याचा बोल सोसला जातो काय, आणि लेंकरांकडे कोणाचें लक्ष असतें काय.