चष्म्याच्या दुकानदाराने अडकित्ते जमवले, आणि पुण्यात म्युझियम उभं राहिलं

चंद्रपूर असो की गडचिरोली, सुपारी खाणाऱ्यांचा हा पट्टा. खर्र्याने तोंडाचं काय होतं ते इथे नव्याने सांगायला नको. पण सुपारी कातरायला लागणारी एक वस्तू इथल्या जुन्या घरांत हमखास सापडते. विदर्भात तिला सरोता म्हणतात, पुण्याकडे अडकित्ता.

आता तुम्ही म्हणाल, सरोत्यात काय बघायचं?

तर थोडं लांबून सुरू करू. इंग्लंडमध्ये शेफील्ड नावाचं शहर आहे. चाकू-सुऱ्यांसाठी ते काही शतकांपासून प्रसिद्ध. तिथल्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कंपनीला 1822 मध्ये इंग्लंडच्या राजघराण्याची मान्यता मिळाली. चांदणी आणि क्रूस ही तिची खूण. असे घडीचे जुने चाकू जमवणारे, रोज खिशात घेऊन फिरणारे आणि भेटले की एकमेकांना दाखवणारे शौकीन आजही जगभर आहेत. मूठ शिंगाची आहे की शिंपल्याची, पात्याच्या बुडाशी छाप कुणाचा, पातं मिटताना खटका कसा वाजतो, यावर त्यांच्या तासन् तास गप्पा चालतात.

आपल्याकडे कमरेच्या चंचीत घालून फिरायचं पातं म्हणजे अडकित्ता. त्याच्यावरही असाच जीव लावणारा एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. त्यांचं नाव डॉ. दिनकर गंगाधर केळकर.

दुकान चष्म्याचं, नाद कवितेचा

केळकरांचा जन्म 10 जानेवारी 1896 चा. घरचा धंदा चष्म्यांचा. पण गडी मनाने कवी. अज्ञातवासी या टोपणनावाने ते कविता लिहायचे. मराठी कविता वाचणाऱ्यांना ते आधी याच नावाने माहीत झाले.

1920 च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला. तेव्हा त्यांचं वय होतं चोविसेक वर्षं. हाताशी ना संस्थानिकाचा खजिना, ना सरकारी अनुदान.

त्या काळात जुनं जपायचं म्हणजे काय, तर तलवारी, नाणी, मूर्ती, ताम्रपट. जे राजाचं किंवा देवाचं, ते मोलाचं. केळकरांनीही शस्त्रं आणि मूर्ती घेतल्या, पण त्यांची नजर अडकली ती स्वयंपाकघरात आणि माजघरात. दिवे, दौती, कुलपं, पानाचे डबे, पाय घासायच्या वज्री, दाराच्या चौकटी, वाद्यं आणि अर्थातच अडकित्ते.

अडकित्त्यात एवढं असतं तरी काय?

शाळेत शिकलेली तरफ आठवतेय? अडकित्ता म्हणजे दुसऱ्या प्रकारची तरफ. एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला आपला हात आणि मधे सुपारी. हात बिजागरीपासून लांब असल्यामुळे थोड्या जोरात टणक सुपारी कातरली जाते. वरच्या दांडीला धारदार पातं, खालची दांडी सुपारीला आधार देणारी. यंत्र एवढंच.

पण कारागीर तेवढ्यावर थांबला नाही. दोन दांड्या आहेत ना, मग त्यांचं जोडपं केलं. कुठे घोडा केला, कुठे मोर, कुठे पोपट. पातं लोखंडाचं आणि अंग पितळेचं, म्हणजे धार टिकते आणि नक्षीही करता येते. चार बोटांची वस्तू, पण बनवणाऱ्याचा हात आणि वापरणाऱ्याची हौस दोन्ही त्यात दिसतात.

शेफील्डच्या चाकूवर कंपनीचा छाप असतो. त्यावरून तो कुणी बनवला, साधारण कधी बनवला, हे शोधता येतं. आपल्या गावच्या लोहाराने किंवा तांबटाने घडवलेल्या अडकित्त्यावर सहसा नाव नसतं. ती वस्तू गेली की तो कारागीरही गेला. केळकरांचं काम मोठं ठरतं ते यामुळे. राजाची तलवार जपायला वारसदार असतात. फुटका दिवा किंवा गंजलेला अडकित्ता मात्र मोडीत निघतो, किलोच्या भावाने जातो आणि वितळतो.

केळकर या वस्तूंच्या मागे गावोगाव फिरले. महाराष्ट्रात फिरले, गुजरात-राजस्थानात गेले, दक्षिणेतही गेले. पत्नी कमलाबाई या सगळ्या उद्योगात त्यांच्या सोबत होत्या. 1960 पर्यंत संग्रह 15 हजार वस्तूंच्या आसपास पोहोचला. एका माणसाने, एका आयुष्यात, स्वतःच्या खर्चाने.

भारतातल्या दिव्यांवर त्यांनी लिहिलेलं पुस्तक भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने काढलं. कोथरूडला पहिल्या बाजीरावाने बांधलेल्या मस्तानी महालाचे अवशेष त्यांनी पुण्यात आणून पुन्हा उभे केले. पुढे पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

मग राजा कोण?

म्युझियमचं नाव आहे राजा दिनकर केळकर संग्रहालय. ते ऐकून अनेकांना वाटतं की केळकर कुठले तरी संस्थानिक असणार, राजा ही त्यांची पदवी असणार.

तसं नाही. राजा हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो लहानपणीच गेला.

1962 मध्ये पुण्याच्या शुक्रवार पेठेत संग्रहालय सुरू झालं, तेव्हा केळकर 66 वर्षांचे होते. चाळीसेक वर्षं जमवलेल्या सगळ्या वस्तूंवर त्यांनी लेकाचं नाव घातलं. आज हजारो लोक रोजच्या बोलण्यात त्या मुलाचं नाव घेतात, त्यातल्या बहुतेकांना तो कोण होता हे माहीतही नसतं.

आणि सगळं देऊन टाकलं

1975 मध्ये, वयाच्या 79 व्या वर्षी, केळकरांनी हा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. जमवणाऱ्या माणसाला हे किती जड जात असेल, ते एखादा जुना चाकू किंवा पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यालाच कळेल. एकेक वस्तू विकली असती तरी पैसा झाला असता. पण संग्रह फुटला असता. दोनशे अडकित्ते शेजारी-शेजारी ठेवले की त्यांतला फरक दिसतो, घाट कसा बदलत गेला ते कळतं. तेच दोनशे घरांत विखुरले, की नुसती शोभेची वस्तू उरते.

17 एप्रिल 1990 रोजी, वयाच्या 94 व्या वर्षी केळकर गेले. संग्रहात आज 20 हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि त्यातल्या साधारण अडीच हजार एका वेळी मांडलेल्या असतात. म्हणजे एकदा बघून आलात तरी बराच खजिना आतच राहिलेला असतो.

आपल्या घरातल्या सरोत्याचं काय?

केळकरांसारखं गावोगाव फिरायची गरज नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जुन्या घरांत आजीचा सरोता, पितळी दिवा, आजोबांचा घडीचा चाकू अजून असेल. दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याच्या पोत्यात जाण्याआधी एक काम करा. फोटो काढा आणि एका कागदावर चार गोष्टी लिहा: वस्तूला घरात काय म्हणतात, ती कुणी वापरली, कुठल्या गावात किंवा बाजारात घेतली आणि साधारण कधी. तो कागद वस्तूसोबत ठेवा.

आणि पुण्याला गेलात तर शुक्रवार पेठेत जाऊन या. अडकित्त्यांच्या कपाटापाशी जरा जास्त वेळ थांबा. घरातल्या सरोत्यासारखा एखादा तिथे दिसतो का, ते बघा.