रँग्लर परांजपे : मुर्डी ते केंब्रिज

दहावीच्या पुस्तकात निर्देशक भूमितीचे प्रकरण आले, की रेषेचा चढ ही कल्पना विद्यार्थ्याला प्रथमच भेटते. वास्तविक ती त्याने कितीदा तरी अनुभवलेली असते. अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्यांच्या मुलांनी पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या लहानपणापासून पाहिलेल्या असतात. कर्जत सोडल्यावर याच लोहमार्गाला बोरघाट लागतो. तेथे ३७ फूट पुढे सरकावे तेव्हा १ फूट उंची गाठली जाते, म्हणजे चढ सुमारे १/३७. घाटाचा हा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि मुंबई-पुणे प्रवास सुकर झाला. त्या सोयीचा लाभ घेणाऱ्या पहिल्या दोन-तीन पिढ्यांत कोकणातून विद्येसाठी बाहेर पडलेली कितीतरी मुले होती. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे त्यांपैकीच एक.

१६ फेब्रुवारी १८७६ रोजी दापोलीजवळच्या मुर्डी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची होती. नात्यातले धोंडो केशव कर्वे यांनी या मुलाची बुद्धी हेरली आणि त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. कर्वे स्वतः गणिताचेच शिक्षक होते. लोकमान्य टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविण्यासाठी १८९१ मध्ये कर्वे यांनाच बोलावण्यात आले. दोन वर्षांनी त्यांनी विधवेशी विवाह केला आणि मुरूडच्या समाजाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. आपल्या आश्रयदात्याला रूढीने कसे वागविले, हे ऐन तारुण्यात रघुनाथांनी जवळून पाहिले. त्यांच्या पुढच्या कडव्या बुद्धिवादाचे मूळ बहुधा येथेच शोधावे लागेल.

फर्ग्युसनमधून पदवी घेऊन सरकारी शिष्यवृत्तीवर ते १८९६ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात दाखल झाले. तेथील गणिताची ट्रायपॉस परीक्षा म्हणजे बुद्धीइतकीच वेगाची कसोटी असे. पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणत आणि त्यांतील पहिला तो सीनियर रँग्लर. हर्शेल, स्टोक्स, केली यांनी तो मान मिळविला होता, तर मॅक्सवेल आणि केल्विन यांना दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले होते. भारतीयांपैकी आनंदमोहन बोस १८७४ मध्ये रँग्लर झाले होते. पहिला क्रमांक मात्र कोणालाच लाभला नव्हता.

या परीक्षेच्या आरंभीच्या भागात निर्देशक भूमितीला मोठे स्थान होते. तिचे मर्म एका साध्या उदाहरणातून कळते. आरंभबिंदूतून जाणाऱ्या दोन रेषांचे चढ ३/४ आणि ४/३ आहेत. त्यांच्यातील कोनाचा दुभाजक काढायचा आहे. घाईत विद्यार्थी दोन्ही चढांची सरासरी घेतो आणि २५/२४ असे उत्तर लिहून मोकळा होतो. ते चूक आहे. चढ सम प्रमाणात वाढले तरी कोन त्या प्रमाणात वाढत नाहीत. दुभाजकावरचा प्रत्येक बिंदू दोन्ही रेषांपासून सारख्या अंतरावर असतो, हे ध्यानात ठेवून अंतरे मांडली, की काम सोपे होते. एक रेषा ३क्ष − ४य = ०, दुसरी ४क्ष − ३य = ०. गुणकांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ दोन्हीकडे ५ आहे. अंतरे समान मानली, की दोन दुभाजक हाती येतात : एकाचा चढ १, दुसऱ्याचा −१. त्यांचा गुणाकार −१, म्हणून ते परस्परांना लंब आहेत. सरासरीचे उत्तर खऱ्या उत्तराच्या इतके जवळ आहे, की आकृती काढूनही चूक डोळ्यांना दिसत नाही. अशा सापळ्यांतून घड्याळाकडे पाहत, न अडखळता पुढे जाण्याची सवय ट्रायपॉसच्या उमेदवाराला करावी लागे. लोनी यांचे निर्देशक भूमितीवरील प्रसिद्ध पुस्तक याच परंपरेतले. ते १८९५ चे. आपल्याकडचे विद्यार्थी अजूनही त्यातली उदाहरणे सोडवतात.

जून १८९९ मध्ये निकाल लागला. बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने परांजपे सीनियर रँग्लर ठरले. प्लेग आणि दडपशाही यांनी पोळलेल्या पुण्याला दोन वर्षांनंतर मिळालेली ही सुवार्ता होती. त्याच उन्हाळ्यात रणजितसिंहजी इंग्लंडच्या मैदानांवर तीन हजारांवर धावा काढत होते. भारतीय बुद्धी आणि भारतीय मनगट दोन्ही कमी नाहीत, असा अर्थ लोकांनी त्यातून काढला असल्यास नवल नाही. रँग्लर ही पदवी मराठीत त्यांच्या नावाचाच भाग होऊन बसली.

यापुढचा निर्णय अधिक कठीण होता. सेंट जॉन्सची फेलोशिप मिळाली होती आणि सरकारी शिक्षणखात्यातली उत्तम वेतनाची वाटही मोकळी होती. परांजपे १९०२ मध्ये परतले ते फर्ग्युसनमध्ये, वीस वर्षांच्या सेवेला बांधलेले आजीव सदस्य म्हणून, अल्प वेतनावर. प्राचार्यपद आणि गणिताचा वर्ग त्यांनी सुमारे दोन दशके सांभाळला. ज्यांना त्यांच्याकडून नव्या भास्कराचार्याची अपेक्षा होती, त्यांची निराशा झाली. नवे गणित त्यांच्या हातून फारसे घडले नाही. दोष केवळ त्यांचा म्हणता येणार नाही. ट्रायपॉस संशोधक घडवीत नाही, हा आक्षेप पुढे हार्डींसारख्या केंब्रिजच्या गणितज्ञांनीच घेतला आणि १९०९ नंतर गुणानुक्रम जाहीर करण्याची प्रथाच बंद झाली.

प्राचार्य म्हणून ते वादातीत नव्हते. १९०५ मध्ये विदेशी कापडाच्या होळीत भाग घेतल्याबद्दल विनायक दामोदर सावरकरांना त्यांनी दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले. टिळकपक्षाने त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. नेमस्त परांजप्यांना महाविद्यालय वाचवायचे होते, हे समजू शकते. तरी त्या निर्णयाचे समर्थन करणे आज अवघड आहे.

उलट, स्त्रीशिक्षणाच्या बाबतीत ते काळाच्या पुढे होते. १९१६ मध्ये कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापिले, तेव्हा कुलगुरुपद त्यांनीच स्वीकारले. १९२१ ते १९२३ या काळात मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री, पुढे लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर, अशी पदे येत गेली. कन्या शकुंतला परांजपे याही केंब्रिजला गणितच शिकल्या आणि नंतर संततिनियमनाच्या कार्यात पडल्या. चित्रपट दिग्दर्शिका सई परांजपे ही त्यांची नात.

क्रिकेटची परिभाषा वापरून त्यांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्राचे नाव चौऱ्याऐंशी नाबाद अशा अर्थाचे ठेवले होते. ६ मे १९६६ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचा डाव संपला.