जखमेचे गणित मांडणारा शल्यविशारद

२४ जून १८९४ रोजी फ्रान्समधील ल्यों शहरात एका अराजकवाद्याने राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर सुरीने वार केला. पोटातील मोठी रक्तवाहिनी तुटली होती आणि ती शिवण्याची विद्या तेव्हाच्या शल्यविशारदांपाशी नव्हती. कार्नो वाचले नाहीत. त्याच शहरात वैद्यक शिकणाऱ्या अलेक्सी कॅरेल यांना ही हतबलता मानवली नाही. भरतकामात निष्णात असलेल्या एका स्त्रीकडून त्यांनी बारीक सुईदोऱ्याचे कसब आत्मसात केले आणि १९०२ मध्ये रक्तवाहिन्या जोडण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. पुढे ते अमेरिकेत गेले, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रुजू झाले आणि १९१२ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

त्यांचे पहिल्या महायुद्धातील कार्य मात्र तितकेसे स्मरले जात नाही. काँपियेन येथील युद्धरुग्णालयात त्यांनी हेन्री डेकिन या रसायनतज्ज्ञाच्या जंतुनाशक द्रावाने जखमा धुण्याची पद्धत रूढ केली. रबरी नळ्यांतून ठरावीक वेळाने हा द्राव जखमेत खोलवर सोडला जाई. पण उपचाराचा गुण येतो की नाही, हे ठरवायचे कसे? नजरेच्या अंदाजावर कॅरेल यांचा विश्वास नव्हता. जखमेवर पारदर्शक पापुद्रा ठेवून तिची कड गिरवायची, क्षेत्रफळ मोजायचे आणि काही दिवसांनी तेच पुन्हा करायचे, असा शिरस्ता त्यांनी घातला. या आकड्यांवरून त्यांचे सहकारी पिएर लकोंत द्यू नुई यांनी १९१६ मध्ये सूत्र बसवले. जखमेचा आकार आणि जखमीचे वय यांवरून ती कधी भरेल, हे आधीच सांगता येऊ लागले. प्रत्यक्षातील आलेख मागे रेंगाळला, की संसर्गाचा संशय घ्यायचा!

जखम किती वेगाने आकसते, हे या सूत्राने सांगितले. तिच्या कडा आत कोण ओढते, हे नाही. त्याचे उत्तर १९७१ मध्ये मिळू लागले. स्नायूप्रमाणे आकुंचन पावणाऱ्या विशिष्ट पेशी भरत्या जखमेत असल्याचे तेव्हा गॅबियानी व सहकाऱ्यांनी दाखवले. या पेशी भोवतालच्या कोलॅजेन तंतूंना किती ताण देतात, याची समीकरणे आता संगणक सोडवतो. भाजल्यानंतर सांध्यावरची कातडी आखडून हात वा बोटे वाकडी होतात. ते टाळण्याच्या दृष्टीने या प्रतिकृतींचे मोल मोठे आहे.

कॅरेल यांच्या साऱ्याच मोजमापांचे असे चीज झाले नाही. कोंबडीच्या गर्भातील हृदयाच्या पेशी त्यांनी १९१२ पासून वाढवल्या आणि पेशी अमर असल्याचे मत रूढ केले. हेफ्लिक व मूरहेड यांनी १९६१ मध्ये त्याला छेद दिला. मात्र खरा डाग त्यांच्या विचारांचा. १९३५ च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात त्यांनी गुन्हेगारांना विषारी वायूने संपवण्याची भलामण केली. जर्मन वर्चस्वाखालील विशी सरकारच्या काळात एका संस्थेचे प्रमुखपदही स्वीकारले. ५ नोव्हेंबर १९४४ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. ल्योंमधील वैद्यकीय विद्याशाखेला दिलेले त्यांचे नाव १९९६ मध्ये काढून टाकण्यात आले.