जाहीर माफी मागून टीकेचे धनी झालेले गोखले गांधीजींचे गुरू कसे झाले?

साल १८९७. पुण्यात प्लेगची साथ होती आणि घरं तपासायला गोरे सोल्जर फिरत होते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. वय अवघं ३१.

पुण्याहून मित्रांची पत्रं आली. सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केल्याचं त्यात लिहिलं होतं. गोखलेंनी विश्वास ठेवला आणि हा आरोप तिथल्या वर्तमानपत्रातून जाहीर केला.

पण भारतात परतल्यावर त्यांना पुरावा देता येईना. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगितली असती, तर ते मित्र अडचणीत आले असते. गोखलेंनी नावं सांगितली नाहीत. सगळा दोष स्वतःवर घेतला आणि बिनशर्त जाहीर माफी मागितली.

लोक भयंकर चिडले. त्याच वर्षीच्या अमरावती काँग्रेसमध्ये त्यांना बोलूही दिलं गेलं नाही.

आता हा माणूस संपला, असं अनेकांना वाटलं. पण गोखलेंच्या मागे न्यायमूर्ती रानडेंची तालीम होती. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे तपासायचे, निवेदनाचा मसुदा लिहायचा, चुकला तर परत लिहायचा. रानडेंनी आपली मतं शिष्याच्या गळी उतरवण्यापेक्षा त्याला अभ्यासाची सवय लावली.

हीच सवय कामी आली. १९०२ साली गोखले केंद्रीय कायदेमंडळात बजेटवर बोलायला उभे राहिले. तिजोरीत शिल्लक पडते म्हणजे देश श्रीमंत झाला असं नाही, गरिबाकडून जास्त कर घेतला जातोय, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून मांडलं. मिठावरचा कर कमी करा, अशी मागणी केली. पुढच्याच वर्षी तो कमी झाला.

मग त्यांनी स्वतः माणसं घडवायला घेतली. १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला. इथं येणाऱ्याला पाच वर्षं शिकाऊ म्हणून राहावं लागायचं.

१९१५ च्या जानेवारीत गांधीजी आफ्रिकेतून परतले. गोखलेंनी त्यांना सांगितलं की, आधी वर्षभर देश फिरून बघा, तोवर जाहीर मतं मांडू नका. पुरेशी खात्री न करता बोलण्याची किंमत त्यांच्याइतकी कुणी मोजली होती?

१९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले गेले. गांधीजींनी वर्षभर तो शब्द पाळला.