लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात

युद्धास निघण्यापूर्वीं आपलें बळ पुरें पडेल कीं नाहीं, याचा बसून विचार करणाऱ्या राजाचा दृष्टांत लूकच्या शुभवर्तमानांत आहे. लष्करांत हें काम स्टाफ अधिकाऱ्यांकडे असतें. बिगुल वाजण्यापूर्वीं वाटा, रसद, दारूगोळा आणि माणसांचे प्राण यांचा हिशेब त्यांना मांडावा लागतो. हा हिशेब जन्मभर सचोटीनें मांडणारे महाराष्ट्रीय सेनानी म्हणजे शंकरराव थोरात.

त्यांचा जन्म १९०६ सालीं कोल्हापूर संस्थानांत झाला. वडील डॉ. पांडुरंगराव पाटील हे पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्राचार्य होते. इंग्लंडांत सँडहर्स्ट येथें लष्करी शिक्षण घेऊन १९२६ सालीं शंकरराव सैन्यांत अधिकारी झाले. त्या काळीं संपूर्ण पलटणीचें आधिपत्य हिंदी माणसाच्या हातीं क्वचितच येई.

दुसऱ्या महायुद्धांत तो योग आला. ब्रह्मदेशांतील आराकान किनाऱ्यावर लढणाऱ्या ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नायक हिंदी होते: थिमय्या, सेन व थोरात. जपानी सैन्याची माघारीची वाट अडविण्यासाठीं जानेवारी १९४५ मध्यें कांगॉ येथें घनघोर लढाई झाली. शंकररावांच्या २/२ पंजाब पलटणीनें मेलरोज नांवाच्या टेकडीवर चाल केली आणि हातघाईनें ती घेतली. तिघांही नायकांना डी. एस. ओ. हा बहुमान मिळाला. टेकडी घेतांना पडलेल्या जवानांची किंमत मात्र कोणत्याही बहुमानानें भरून येणारी नव्हती.

स्वातंत्र्यानंतर ते चीफ ऑफ जनरल स्टाफ झाले. पुढें १९५३ सालीं कोरियांतील युद्ध थांबलें, तेव्हां मायदेशीं परतण्यास नकार देणारे सुमारे २२ हजार युद्धकैदी हिंदी सैन्याच्या स्वाधीन झाले. त्या सैन्याचे मुख्य थोरात होते. सप्टेंबरांत चिनी कैद्यांनीं मेजर ग्रेवाल यांना आपल्या कुंपणांत ओढून नेलें. बाहेर सैनिक बंदुका रोखून उभे होते. गोळी झाडली असती तर ग्रेवाल यांसह शेंकडों जीव गेले असते. थोरात निःशस्त्र आंत गेले आणि खवळलेल्या जमावांत बसले. पाहुणे दारीं आले असतां चिनी लोक साधा चहाही विचारीत नाहींत काय, असें त्यांनीं त्यांना खडसावलें. जमावांत हंशा पिकला, चहा आला, आणि ग्रेवाल सुखरूप सुटले. या धैर्याबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग दुसरा, हें पदक मिळालें. तेंच आज कीर्तिचक्र म्हणून ओळखलें जातें.

१९५७ ते १९६१ या काळांत लखनौ येथें ते पूर्व विभागाचे सेनापति होते. ईशान्य सीमेवर चीनचें संकट त्यांना दिसत होतें. ८ ऑक्टोबर १९५९ रोजीं त्यांनीं सरकारास संरक्षणाची योजना लिहून पाठविली. ऐन सीमेवर केवळ ठाणीं ठेवावीं आणि मुख्य लढाई मागें बोमडिलाच्या रेषेवर द्यावी, म्हणजे शत्रूची रसद लांबेल व आपली जवळ राहील, असा तिचा आशय होता. मार्च १९६० मध्यें ‘लाल किल्ला’ या लष्करी सरावांत त्यांनीं ही योजना तपासूनही दाखविली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनीं तिचा आदर केला नाहीं. शंकरराव निवृत्त झाल्यावर पुढच्याच वर्षीं, १९६२ सालीं, चीनचें आक्रमण आलें. बोमडिला पडलें आणि अपुऱ्या कपड्यांत, अपुऱ्या दारूगोळ्यानिशीं आपले जवान हिमांत मेले. मग पंतप्रधान नेहरूंनीं शंकररावांना सल्ल्यासाठीं बोलाविलें. ते गेले. पूर्वीच्या उपेक्षेचा राग मनांत न धरतां राष्ट्रीय संरक्षण मंडळावर त्यांनीं काम केलें. १९९२ सालीं त्यांचें देहावसान झालें.

बिबवेवाडीहून खडकवासल्याची संरक्षण प्रबोधिनी फार दूर नाहीं, आणि आतां तेथें मुलींनाही प्रवेश आहे. आपल्यांतील कोणी तिकडे जावो वा न जावो, वरिष्ठांना अप्रिय वाटलें तरी खरा हिशेब त्यांच्यापुढें ठेवण्याचें धैर्य प्रत्येकाला लागेल. आणि पालकहो, घरांत एखादें लेंकरूं असा अप्रिय हिशेब मांडूं लागलें, तर तें आपण क्षणभर थांबून ऐकावें.