काळोख्या खोलीतील दादासाहेब

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु जयंतीच्या भाषणांतून त्यांचे जे चित्र उभे राहते, ते कल्पक दिग्दर्शकाचे आणि कर्जबाजारी ध्येयवेड्याचे असते. मूलतः ते रसायने, काचा आणि शाई यांचे जाणकार कारागीर होते, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यांच्या आयुष्याचा खरा धडा मात्र तेथेच आहे.

30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके 1885 मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचा अभ्यास केला आणि रतलाम येथे जाऊन तिरंगी ठसे बनविण्याची विद्या हस्तगत केली. गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय करीत असताना प्लेगने पत्नी व मूल हिरावून नेले. त्यानंतर काही काळ त्यांनी पुराणवस्तू खात्यात नोकरी केली. स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडून त्यांनी छपाईचा व्यवसाय आरंभिला आणि रंगीत छपाईचे तंत्र व यंत्रे यांसाठी 1909 मध्ये जर्मनी गाठली.

तिरंगी ठशांचे तत्त्व येथे समजून घेतले पाहिजे. एकाच चित्राची तांबड्या, हिरव्या व निळ्या काचेतून तीन वेगवेगळी छायाचित्रे घ्यावयाची, त्यांवरून तीन ठसे करावयाचे आणि त्यांचे पूरक रंग एकावर एक छापावयाचे. मूळ छायाचित्रांत रंगाचा लवलेशही नसतो. रंग निर्माण होतो तो नंतरच्या प्रक्रियेत. कॅमेरा जे टिपतो तो कच्चा माल, चित्र घडते ते पुढे, हे फाळक्यांना चित्रपटाचे स्वप्न पडण्यापूर्वीच उमगले होते.

म्हणूनच 1912 मध्ये लंडनहून परतताना त्यांनी विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर फिल्मला कडेची छिद्रे पाडणारे यंत्रही आणले. वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अवधीने टिपून त्यांनी एक लघुपट तयार केला व भांडवल मिळविले. दादरच्या राहत्या घरातच काळोखी खोली सिद्ध झाली. त्या काळच्या फिल्मवर तांबड्या रंगाचा परिणाम जवळजवळ होतच नसे. यामुळे तांबड्या दिव्याच्या उजेडात ती धुता येई, पण लाल वस्त्र पडद्यावर काळे दिसे आणि निळे आकाश पांढरे फटक पडे. तिरंगी छपाईत निष्णात असलेल्या कारागिराला आपली देवदेवतांची सृष्टी कृष्णधवल छटांत बसवावी लागली, हा दैवदुर्विलासच म्हटला पाहिजे.

या खोलीत त्यांच्या जोडीला होत्या त्यांच्या द्वितीय पत्नी सरस्वतीबाई. कलावंत मंडळींचा स्वयंपाक सांभाळून कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालविणे, फिल्म धुणे ही कामे या माउलीने केली. 3 मे 1913 रोजी कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला तेव्हा टाळ्या पडद्यावरच्या दृश्यांना मिळाल्या. काळोखात राबलेल्या हातांची दखल घेण्यास समाजाला फार वर्षे लागली.

पुढील कथा सर्वज्ञात आहे. ‘लंका दहन’, ‘कालिया मर्दन’ यांचे यश, 1918 मधील हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी, भागीदारांशी मतभेद, बोलपटांच्या युगात पडलेला एकाकीपणा, 1937 मधील ‘गंगावतरण’ आणि 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिक येथे उपेक्षेत झालेला अंत. त्याहूनही क्लेशदायक गोष्ट अशी की, त्यांच्या बहुतेक चित्रपटांची फिल्म कायमची नष्ट झाली. ‘राजा हरिश्चंद्र’चाही आज काही भागच उरला आहे. त्या काळची नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही होती व आपोआप कुजतही असे. पण नुसत्या रसायनाला दोष देऊन चालणार नाही. खेळ संपला की फिल्मची किंमत संपली, ही वृत्तीही तितकीच जबाबदार होती. 1964 मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर मूकपटांचा मोठा ठेवा हातचा गेला होता.

हे सारे आज बुलढाण्यात, खामगावात वा मेहकरात बसून आठवावयाचे कारण काय? कारण फाळक्यांची ती काळोखी खोली आता गावोगावच्या संगणकांत आली आहे. लग्नसमारंभ, शेगावची वारी, लोणारचे सरोवर टिपणारे जिल्ह्यातील तरुण कच्चे चित्रण साठवितात व मागाहून त्यावर रंगसंस्कार करतात. त्यांच्या कॅमेऱ्यातील संवेदकापुढेही तांबड्या, हिरव्या, निळ्या गाळण्याच असतात. रतलामला फाळके जे शिकले, त्याच तत्त्वावर त्यांचे पोट चालते. हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, आणि तो दोष शिक्षणाचा आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. सजविलेली चित्रफीत गिऱ्हाइकाच्या हाती दिली की मूळ चित्रण पुसून जागा मोकळी केली जाते. उद्या याच चित्रणातून जुने वाडे, बोली, पोशाख, आटलेल्या नद्या यांचा इतिहास वाचावा लागणार आहे. शाळा, महाविद्यालये व ग्रंथालये यांनी निवडक मूळ चित्रण मालकांच्या संमतीने, तारीख व गावाच्या नोंदीसह, दोन वेगळ्या ठिकाणी जतन करण्याचा परिपाठ घालावा. त्यास लागणारा खर्च फार नाही. लागते ती नेटकी चिकाटी. फाळक्यांच्या फिल्मची झालेली हानी आता भरून येणार नाही. परंतु तीच चूक समजून उमजून पुन्हा करण्याचा अधिकार आपल्याला नाही.