बेझंटबाईंचे दोन खटले

लोकमान्य टिळकांपाठोपाठ १९१६ मध्ये होमरूल लीग स्थापन करणाऱ्या आणि १९१७ च्या कोलकाता अधिवेशनात काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या डॉ. अ‍ॅनी बेझंट भारतीयांना सुपरिचित आहेत. मात्र या तेजस्वी सार्वजनिक जीवनाला मुलांच्या ताब्यासाठी लढलेल्या दोन खटल्यांची किनार आहे. पहिल्या खटल्यात त्या मूल गमावलेली आई होत्या. दुसऱ्यात मात्र मुले परत मागणारा एक पिता त्यांच्याविरुद्ध उभा होता.

१ ऑक्टोबर १८४७ रोजी लंडनमध्ये जन्मलेल्या अ‍ॅनी वूड यांचा विवाह १८६७ मध्ये फ्रँक बेझंट या धर्मोपदेशकाशी झाला. डिग्बी हा मुलगा व मेबल ही मुलगी अशी दोन अपत्ये त्यांना झाली. मेबल तान्ही असताना डांग्या खोकल्याने मरणाच्या दारी पोहोचली. तिच्या यातना पाहून आईच्या मनात ईश्वराच्या दयाळूपणाविषयी शंका निर्माण झाली आणि ती वाढतच गेली. चर्चमधील प्रभुभोजनाच्या विधीत सहभागी व्हावे, अन्यथा घर सोडावे, असा पर्याय पतीने ठेवला. १८७३ मध्ये अ‍ॅनी यांनी घर सोडले. विभक्ततेच्या करारानुसार डिग्बी वडिलांकडे राहिला, तर मेबल आईकडे आली.

पुढे नास्तिक विचारवंत चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासोबत त्यांनी संततिनियमनावरील एक पुस्तिका पुन्हा प्रकाशित केली. त्याबद्दल १८७७ मध्ये दोघांवर खटला झाला. तांत्रिक मुद्द्यावर अपिलात शिक्षा रद्द झाली. पण खरी शिक्षा पुढेच होती. पतीने मुलीच्या ताब्यासाठी न्यायालयात धाव घेतली. बेझंटबाईंनी आपली बाजू स्वतः मांडली. आईने मुलीची हेळसांड केल्याचे कोणी सिद्ध केले नाही. तरीही तिचा नास्तिकपणा आणि ती पुस्तिका एवढ्या कारणांवरून न्यायमूर्ती सर जॉर्ज जेसेल यांनी १८७८ मध्ये सात वर्षांच्या मेबलला वडिलांच्या स्वाधीन करण्याचा आदेश दिला. नुकत्याच आजारातून उठलेल्या त्या मुलीला रडत, ओरडत असतानाच नेण्यात आले.

१८७९ मध्ये अपील न्यायालयाने ताबा वडिलांकडेच ठेवला, परंतु आईला मुलांना भेटण्याची मुभा दिली. या भेटींतून मुलांच्या वाट्याला ओढाताणच येईल, हे बेझंटबाईंनी ओळखले. म्हणून आपला हक्क असूनही त्यांनी तो वापरला नाही. मुले स्वतः निर्णय घेण्याच्या वयाची होईपर्यंत त्यांनी वाट पाहिली. दशकभराहून अधिक काळ लोटला. दरम्यान लंडनमधील काडेपेटी कामगार मुलींच्या १८८८ च्या संपाला त्यांनी बळ दिले आणि १८८९ मध्ये थिऑसॉफी स्वीकारली. पित्याच्या ताब्यातून मोकळी होताच दोन्ही मुले आईकडे परतली. त्यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची गरज पडली नाही.

१८९३ मध्ये बेझंटबाई भारतात आल्या. १९०७ मध्ये त्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. मद्रासजवळील अड्यार येथे सोसायटीचे काम करणाऱ्या जिद्दू नारायणय्या या निवृत्त सरकारी कर्मचाऱ्याची कृष्णमूर्ती व नित्यानंद ही मुले १९०९ मध्ये सोसायटीच्या छायेत आली. कृष्णमूर्ती हा भावी जगद्गुरू असल्याचे घोषित करण्यात आले. आई नसलेल्या या मुलांचे पालकत्व १९१० मध्ये वडिलांनी लेखी स्वरूपात बेझंटबाईंकडे सोपविले. मुले शिक्षणासाठी इंग्लंडला गेली. मात्र सोसायटीतील लेडबीटर यांच्या सहवासाला आक्षेप घेऊन नारायणय्यांनी १९१२ मध्ये मुले परत मागितली.

मद्रास उच्च न्यायालयातही बेझंटबाईंनी स्वतःच युक्तिवाद केला. १९१३ मध्ये निकाल विरोधात गेला आणि अपीलही फेटाळले गेले. अखेर १९१४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला. मुले इंग्लंडमध्ये असताना आणि त्यांची इच्छा जाणून न घेता असा आदेश देता येणार नाही, अशी भूमिका कौन्सिलने घेतली. मात्र पालकत्व हा पवित्र विश्वास असल्याने पित्याने दिलेली संमती त्याला मागे घेता येते, हे तत्त्वही त्याच निकालाने मान्य केले. मुले इंग्लंडमध्येच राहिली. १९२१ च्या अखेरीस ती भारतात परतली, तेव्हा दोघेही सज्ञान झाले होते.

खटला बेझंटबाईंनी जिंकला. पण मुलांपासून दुरावण्याचे जे दुःख त्यांनी स्वतः भोगले होते, ते नारायणय्यांच्या वाट्याला आले. १९२९ मध्ये कृष्णमूर्तींनी जगद्गुरूपद नाकारून आपल्याभोवती उभारलेली संघटना विसर्जित केली. बेझंटबाईंवरील त्यांचे प्रेम मात्र कायम राहिले. २० सप्टेंबर १९३३ रोजी अड्यार येथे बेझंटबाईंचे निधन झाले.

१८९० च्या पालक व पाल्य कायद्यात मुलाचे हित आणि समजत्या वयाच्या मुलाची पसंती यांना स्थान आहे. १९८४ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या कुटुंब न्यायालयांतही ताब्याचे वाद याच कसोटीवर तोलले जातात. सात वर्षांच्या मेबलला १८७८ मध्ये कोणाकडे राहायचे आहे, याला न्यायालयाच्या लेखी काहीच महत्त्व नव्हते.